भावा-बहिणीसारखं

गालाला फेस लावलेला असताना माणसाने महत्त्वाचं काही बोलू नये. पण तो नेमका तेव्हाच बोलला. बाथरूमचं दार अर्धं उघडं होतं, ती हातात टॉवेल घेऊन दारात उभी होती, आणि तिच्याकडे न बघता, आरशातल्या स्वतःच्या हनुवटीकडे बघत तो म्हणाला, "फादर म्हणतात, आपण दोघांनी भावा-बहिणीसारखं राहायचं कबूल केलं तर जमेल. तुलाही यावं लागेल. आज पाच वाजता." आणि रेझर कानापासून खाली ओढला. तिने टॉवेल खुंटीला अडकवला, स्वयंपाकघरात जाऊन उतू चाललेला चहा उतरवला आणि तिथूनच "बरं" म्हणाली. आता यात बरं म्हणण्यासारखं काय होतं? पण सतरा वर्षं संसार केलेल्या बाईला तिच्याच नवऱ्याने सकाळी सात वाजता तू माझी बहीण होशील का असं विचारलं, तर तोंडात तयार उत्तर कुठून असणार. तो नेहमीसारखा चहा प्याला, कप विसळून पालथा घातला, हत्यारांची पेटी उचलली, दारात थांबून "विसरू नकोस" म्हणाला आणि जिन्याने उतरून गेला. लिफ्ट तपासण्याची नोकरी करणारा हा माणूस स्वतः कायम जिन्यानेच जायचा. ती खिडकीत उभी राहून त्याला रस्ता ओलांडताना बघत राहिली.

गोष्ट तशी साधी होती, म्हणजे दुसऱ्याला सांगायला साधी. तो कॅथलिक, ती लूथरन, म्हणजे प्रॉटेस्टंट. त्याचं आधी एक लग्न झालेलं, त्याच्या चर्चमध्ये, रीतसर. ती पहिली बायको सहा वर्षांनी लहान मुलीला घेऊन निघून गेली आणि कोर्टात घटस्फोट झाला. पण कॅथलिक चर्च कोर्टाचा घटस्फोट मानत नाही. पहिली जिवंत आहे तोवर तीच त्याची बायको, आणि ही, जिने सतरा वर्षं त्याचे मोजे धुतले, त्याच्या आईला शेवटच्या दुखण्यात भरवलं, ही कोणी नाही. तसं तोंडावर कोणी म्हणायचं नाही, फार सभ्य माणसं. पण मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, प्रभूची भाकर वाटायची वेळ आली की त्याने जागेवर बसून राहायचं, कारण तो परस्त्रीबरोबर राहतो. परस्त्री म्हणजे ती. आता त्या चर्चमध्ये नवीन आलेल्या धाकट्या फादरांनी वाट काढली होती. एका घरात राहा, एकमेकांची काळजी घ्या, फक्त नवरा-बायकोसारखं राहू नका. तसा दोघांनी शब्द द्या, फादरांपुढे पापांची कबुली करा, मग भाकर मिळेल. कामावर जाताना ती मनात तो शब्द उलटासुलटा करून बघत होती. बहीण. तिच्या चर्चमध्ये तर सगळेच तिला बहीण म्हणायचे. पाळकसाहेब बोलायला उभे राहिले की बंधूंनो आणि भगिनींनो, आणि त्या भगिनींमध्ये ती लहानपणापासून बसत आली होती. जगात एकच माणूस असा होता ज्याची ती बहीण नव्हती, आणि आता तोही रांगेत येऊन उभा राहिला होता.

तिचं काम काय, तर हीच भाकर बनवायचं. हसू येईल, पण खरं आहे. शहराच्या जुन्या भागात, एका गल्लीच्या टोकाला, चर्चना भाकरीच्या चकत्या पुरवणारा छोटा कारखाना होता आणि ती तिथे बावीस वर्षं काम करत होती. मैदा आणि पाणी, बास. मीठ नाही, यीस्ट नाही, साखरेचा कणही नाही. पातळ पीठ तापलेल्या लोखंडी साच्यात ओतायचं, वरचा पत्रा दाबायचा, चर्र आवाज होऊन वाफ बाजूने निघाली की दीड मिनिटाने कागदासारखा पांढरा पापुद्रा सुटतो. तो लगेच कापला तर तडकतो, म्हणून रात्रभर वरच्या मजल्यावरच्या ओल्या खोलीत ठेवायचा, नरम पडला की सकाळी यंत्रावर गोल चकत्या पाडायच्या, चाळणीतून तुकडे वेगळे करायचे आणि पाकिटं भरायची. कॅथलिकांचा साचा वेगळा, लूथरन लोकांचा वेगळा, पीठ एकच. एकाच पातेल्यातलं. त्यातली काही पाकिटं त्याच्या चर्चला जायची, काही तिच्या. म्हणजे नवऱ्याला जी भाकर मिळत नव्हती ती भाजत होती त्याची बायकोच. चकत्या कापून उरलेली जाळीदार कडा कामगार बायका घरी न्यायच्या, मुलं कुरकुरीत म्हणून खायची. लग्नानंतर पहिल्या आठवड्यात तिनेही पिशवीभर नेली होती. तो बघत राहिला आणि म्हणाला, "हे माझ्यासमोर नको." तिने समजावलं, अहो, हा नुसता मैदा आहे, याच्यावर अजून कोणी प्रार्थनासुद्धा केलेली नाही. त्याने ऐकून घेतलं, मान हलवली आणि खाल्लं नाही. तेव्हा ती हसली होती. आपल्या नवऱ्याला देवाची भूक आहे आणि ती भूक आपल्यामुळे आहे, हे तिच्या डोक्यात शिरायला पुढे पाच-सहा वर्षं जावी लागली.

त्यांची ओळखही या कारखान्यातलीच. वरच्या ओल्या खोलीत ट्रे न्यायला सामानाची लिफ्ट होती, आणि तिची तपासणी करायला हा आला. दोराचे दोन तंतू तुटलेले दिसले, त्याने लिफ्टला सील ठोकलं. मालकीणबाईंनी हात जोडले, साहेब, सणाचे दिवस आहेत, महिनाभर चालवून घ्या. नाही म्हणाला. वरच्या साहेबांचा फोन आला, तरी नाही. तीन आठवडे सगळ्या बायका ट्रे डोक्यावर घेऊन जिना चढत होत्या आणि त्याच्या नावाने बोटं मोडत होत्या. त्याच्या ऑफिसात त्याला शिक्का म्हणायचे, कारण खात्री पटल्याशिवाय त्याच्या हातून शिक्का पडायचा नाही. तिला मात्र त्याचं काय आवडलं कोण जाणे. चौतीस वर्षांची, पाळकाची मुलगी, लग्नाचं वय उलटून गेलंय असं सगळ्यांनी ठरवून टाकलेलं. ती त्याला चहा नेऊन द्यायची. तो दोर तपासताना एकेक वीत सरकवत बोटांनी चाचपायचा, आणि त्या बोटांकडे बघून तिच्या पोटात काहीतरी हलायचं. आजही हलतं, हीच तर सगळी पंचाईत.

तिच्या बाबांनी, म्हणजे पाळकांनी, त्याला घरी बोलावून समोर बसवलं आणि विचारलं, पहिलं लग्न मोडलं त्यात दोष कोणाचा. तो म्हणाला, "अर्धा माझा." बाबांना तो तिथेच पसंत पडला. कॅथलिकांकडे एक रस्ता असतो म्हणे, त्यांच्या न्यायमंडळाकडे अर्ज करायचा की पहिलं लग्न मुळात झालंच नव्हतं, तेव्हा मनाची तयारी नव्हती, समज नव्हती, असं काहीतरी. मंडळाला पटलं तर माणूस मोकळा. बाबांनीच सुचवलं होतं, करून टाक, तुझ्या आईला बरं वाटेल. तो म्हणाला, "पण झालं होतं ना. मी होतो तिथे. मी हो म्हणालो तेव्हा मला सगळं कळत होतं." एक सही केली असती तर सुटला असता. कितीतरी लोक करतात आणि खरेपणाने करतात, त्यांचं तसं असतंही. याचं तसं नव्हतं, म्हणून याने केली नाही. बाबा नंतर तिला म्हणाले होते की लग्न हे खरं नगरपालिकेच्या कचेरीतलं काम, आपण त्यावर देवाचं नाव घेतो इतकंच. पण मोडलं तर मोडलं म्हणावं, रडावं, क्षमा मागावी, झालंच नव्हतं असं म्हणू नये, मेलेल्या माणसाला तो जन्मलाच नव्हता असं आपण म्हणतो का. आणि मग त्यांनी दोघांच्या डोक्यावर हात ठेवून लग्न लावलं. बाबांचे हात जड होते. ते वजन तिला अजून टाळूवर जाणवायचं. ते वजन खोटं होतं का? आज पाच वाजता तिने त्या धाकट्या फादरांसमोर जाऊन बाबांचे हात डोक्यावरून काढून ठेवायचे होते.

साच्यावर पीठ ओतता ओतता तिला त्याचे रविवार आठवत होते. वर्षातून तीन-चारदा ती त्याच्याबरोबर त्याच्या चर्चला जायची. तो भिंतीकडच्या टोकाला बसायचा, म्हणजे कोणाला त्याला ओलांडून जावं लागू नये. घंटा वाजायची, माणसं उठायची, बाक रिकामा व्हायचा, आणि लांबलचक बाकावर हा एकटा, हात मांडीवर, समोरच्या पाठीवर कोणीतरी खिळ्याने कोरलेल्या अक्षरांकडे बघत. ती मुद्दाम शेजारी बसून राहायची. एकदा पहिली बायको तिथे आली होती, मुलीच्या दृढीकरणाला, म्हणजे वयात आल्यावर श्रद्धा पक्की करण्याच्या विधीला. घर सोडून ती गेली होती, तिने नंतर परत लग्न केलं नाही, त्यामुळे तिला कबुली करून भाकर घेता यायची. ती पुढे गेली, जीभ बाहेर काढली, घेतली, हात जोडून मान खाली घालून परत आली. दिसायला नम्र, चांगली बाई होती, तिचा राग येईना म्हणून आणखीच राग आला. सोडून गेली तिला भाकर, आणि ज्याला सोडलं तो भिंतीशी. हिने त्या दिवशी मनात देवाशी कडाक्याचं भांडण केलं. आमच्याकडे तर हे पाप्यांचं जेवण आहे, तिने देवाला ऐकवलं, औषध आजाऱ्याला द्यायचं असतं, बरं होऊन ये मग देतो असं कोणता डॉक्टर म्हणतो. देव काही बोलला नाही आणि नवराही नाही. घरी येताना त्याने तिला विचारलं, "बसून पाय आखडले का?"

मध्यंतरी, पाच-सहा वर्षांपूर्वी, त्यांच्या बिशपांची मोठी धर्मसभा भरली होती, लग्न आणि कुटुंब याच विषयावर. रोज पेपरात यायचं. एक गट म्हणायचा दया, दुसरा म्हणायचा नियम. ती, लूथरन बाई, जिला यातलं काही लागू नव्हतं, ती कात्रीने कात्रणं कापून डब्यात ठेवायची आणि तो घरी आला की विषय काढायची. नवऱ्याला नोकरीत बढती मिळणार का अशा काळजीने ती बिशपांची मतं मोजत बसलेली. शेवटी एक जाडजूड पत्रक निघालं आणि त्यातल्या एका तळटीपेवरून सगळीकडे रण माजलं. तळटीप म्हणते काही बाबतीत चालेल. कोणत्या बाबतीत ते म्हणत नाही. त्यामुळे नदीपलीकडचे एक फादर सगळ्यांना देऊ लागले आणि अलीकडचे देईनात. ती म्हणाली, मग आपण नदीपलीकडे जाऊ. तो म्हणाला, "एका इन्स्पेक्टरने लिफ्ट नापास केली म्हणून पास करणारा शोधत फिरायचं का?" तिच्या चर्चमधल्या बायकांना हे सांगितलं की त्यांना फार मजा वाटायची. बाई गं, तळटीपेत देव शोधतात, आपल्याकडे हा प्रश्नच नाही. आणि खरंच नव्हता. पण तिला हळूहळू त्या हसण्याचीही चीड येऊ लागली होती. त्यांच्यातल्याच एका जोडप्याने गेल्या वर्षी काडीमोड घेतला, दोघं वेगवेगळ्या बाकांवर बसली, दोघांनी भाकर घेतली, आणि त्यांना काय झालं, किती लागलं, कोणी एका शब्दाने विचारलं नाही. आताच्या पाळकसाहेबांनी हवापाण्याच्या गप्पा मारल्या. निदान याच्या चर्चमध्ये याच्या अंथरुणापर्यंत कोणीतरी चौकशी करत होतं. ही चौकशी तिला नको होती, आणि तिचा हेवाही वाटत होता. असलं उफराटं मन घेऊन कोणाकडे जायचं?

हे सगळं आत्ताच का निघालं, तर लेकीचं लग्न. त्याची मुलगी, पहिल्या बायकोची, हिला मावशी म्हणायची आणि बऱ्यापैकी माया करायची. येत्या शनिवारी तिचं लग्न होतं, त्याच चर्चमध्ये, मिस्सासह. मागच्या महिन्यात तिचा फोन आला. तो स्पीकरवर बोलत होता, हातात कुठलीशी किल्ली घासत. लेक म्हणाली, "बाबा, भाकर घेताना माझ्या एका बाजूला आई असेल, एका बाजूला तुम्ही असावं असं वाटतं. बघा ना काही होतं का. नाही झालं तरी मी समजून घेईन." हे शेवटचं वाक्य नसतं तर बरं झालं असतं. त्याने किल्ली खाली ठेवली, बघतो म्हणाला, आणि रात्री जेवला नाही. सतरा वर्षांत त्याने तिला कधी ऐकवलं नव्हतं की तुझ्यापायी मी काय सोडलं. त्या रात्रीही नाही. पण तो ताटावरून उठून गॅलरीत जाऊन उभा राहिला तेव्हा त्याचे खांदे बघून तिला कळलं की या माणसाला आता राहवत नाहीये. छपन्न वर्षांचा माणूस, लेकीच्या शेजारी एकदा उभं राहायला मिळावं म्हणून आतून रडवेला झालेला.

द्यायला काय हरकत होती शब्द? इथेच तिचं गाडं अडत होतं, आणि इथलं कोणाला सांगताही येत नव्हतं. कारण शब्द देऊन सोडायचं जे होतं ते चार वर्षांपूर्वीच सुटलेलं होतं. तिचं ऑपरेशन झालं, गर्भाशय काढलं, आत आणखीही काहीबाही काढलं. डॉक्टरांनी तीन महिने सांगितले होते. तीन महिने झाले, सहा झाले, तो काळजीने दूर झोपायचा, तिला धक्का लागू नये म्हणून वेगळं पांघरूण घेतलं. मग दोन पांघरुणांची सवय झाली. भांडण नाही, नावड नाही, काही नाही. नुसतंच राहून गेलं. एकदा, दीडेक वर्षापूर्वी, तिने धीर करून त्याच्या पांघरुणात हात घातला होता. त्याने तो हात हातात घेतला आणि थोपटला, आजारी माणसाचा थोपटतात तसा, आणि विचारलं, दुखतंय का? ती नाही म्हणाली. दुखत नव्हतंच. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली आणि स्वतःला समजावत राहिली की आज नाही तर उद्या, पावसाळा संपला की, त्याच्या कामाचा ताण कमी झाला की. बावन्नाव्या वर्षीही ती रोज वाट बघत होती, ही लाजिरवाणी गोष्ट तिच्याशिवाय कोणाला माहीत नव्हती. आणि आता ज्याची ती वाट बघत होती ते कधीच होणार नाही असा शब्द देवासमोर द्यायचा होता. नुसतं राहून गेलेलं होतं त्याचा आता नियम होणार होता. त्याने फादरना हे सांगितलं असेल का, की आमच्यात तसं काही उरलेलंच नाही? या विचारासरशी तिच्या कानांतून वाफा निघाल्या. सांगितलं असेल. खरं बोलणारा माणूस. विचारलं असेल तर सांगितलंच असेल, दोर तपासल्यासारखं, वीतभरही न सोडता.

जळका वास आला तेव्हा मालकीणबाई धावत आल्या. साच्यातला पापुद्रा काळाठिक्कर झाला होता. बावीस वर्षांत तिच्या हातून असं झालं नव्हतं, म्हणून मालकीणबाई ओरडल्या नाहीत, उलट घाबरल्या, तिला स्टुलावर बसवलं. म्हातारी, विधवा, कॅथलिक बाई, रोज सकाळच्या मिस्साला जाणारी. हिने त्यांना अर्धवट सांगितलं, पांघरुणांचं सोडून. मालकीणबाई ऐकत सुरीने साचा खरवडत राहिल्या आणि मग अगदी मायेने म्हणाल्या, "दे की गं शब्द. या वयात आता काय फरक पडतो? बिचारा किती वर्षं बसलाय. तुझ्या एका शब्दाचं काम." म्हणजे यांच्याही मते ती केव्हाच बहीण झालेली होती. जगात सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलेलं, फक्त तिला कळवायचं राहिलेलं. ती उठली, नवीन पीठ कालवलं, गुठळ्या मोडल्या. मनात म्हणाली, देते. देऊन टाकते. काय सोनं लागलंय या अंगाला. तो रांगेत उभा राहील, लेक हसेल, मी मागच्या बाकावरून बघेन आणि मला आनंद होईल. चार वाजेपर्यंत तिने स्वतःला पुरतं पटवलं. हात धुतले, केस सारखे केले आणि निघाली.

तो चर्चच्या फाटकाशी उभा होता, कामाचे कपडे बदलून, लग्नातला निळा कोट घालून. म्हणजे कोट आधीच ऑफिसात नेऊन ठेवला होता. फादरांची खोली शाळेच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर होती, खाली मैदानात मुलं ओरडत होती. फादर पस्तिशीचे असतील, सर्दी झालेली, नाक लाल. चांगला माणूस होता, हीच अडचण. खुर्च्यांवरची पुस्तकं स्वतः उचलली, खिडकी लावू का विचारलं, तिच्या बाबांचं नाव ऐकून होतो म्हणाले. मग रुमाल हातात चुरगाळत सांगू लागले की चर्चला तुमचं घर मोडायचं नाही, तुमची माया खरी आहे हे कोणी नाकारत नाही, फक्त पहिला विवाह अजून उभा आहे, तो आम्हाला नाही असं म्हणता येत नाही. तिला हे वाक्य ओळखीचं वाटलं. झालं होतं ना, मी होतो तिथे. नवरा आणि फादर एकाच भाषेत बोलत होते आणि ती भाषा स्वच्छ होती, तिच्यात कुठे खोट नव्हती, त्यामुळे तिच्यात शिरायलाही कुठे जागा नव्हती.

"दोघांनी फक्त शब्द द्यायचा," फादर म्हणाले, आणि लाजून टेबलाकडे बघत पुढे म्हणाले, "मी यांना बाकी काही विचारलेलं नाही आणि यांनीही सांगितलेलं नाही. पण पुष्कळ जोडप्यांचं या वयात आपोआपच तसं झालेलं असतं. तसं असेल तर तुम्हाला नवीन काही करायचंच नाही."

म्हणजे त्याने सांगितलं नव्हतं. दिवसभर जी भीती तिने उराशी धरली होती ती एकदम सुटली, आणि सुटल्याबरोबर तिचा तोल गेला. त्याने ते त्यांच्या दोघांचं म्हणून राखलं होतं. का राखलं असेल? नवऱ्याशिवाय दुसरा कोण असलं राखतो? तिने त्याच्याकडे पाहिलं. तो स्वतःच्या हातांकडे बघत होता, त्या बोटांकडे. आणि तिला स्वतःचा आवाज ऐकू आला.

"तसं नाहीये, फादर. आम्ही नवरा-बायको आहोत. गेल्या रविवारीही होतो. आणि मी शब्द देणार नाही."

फादर कानापर्यंत लाल झाले. तिला वाटलं, झालं, पाप माझं, खोटं माझं, माझ्या देवाशी मी बघून घेईन. तिच्या चर्चमध्ये क्षमा रोखीने, मागितल्याबरोबर मिळत होती, लहानपणापासून तिने तशीच घेतली होती. तिच्या हिशेबात एवढंच आलं होतं. फादर तिच्या नवऱ्याकडे वळतील हे तिच्या हिशेबात नव्हतं. ते वळले, आणि हळूच, जवळजवळ माफी मागत म्हणाले, "असं आहे का?"

मैदानात शिट्टी वाजली, मुलं एकदम गप्प झाली. तो मान वर करून फादरांकडे बघत होता. तिला ओरडावंसं वाटलं, सांगा, ही खोटं बोलतेय म्हणून सांगा, अहो, चार वर्षं झाली म्हणा. सोपं होतं. त्याचं आयुष्य असलंच सांगण्यात गेलं होतं. पण तसं सांगायचं तर परक्या माणसासमोर बायकोला खोटी पाडायची, आणि तिच्या पोटातलं सगळं, तिची ती वाट बघणं, टेबलावर उघडं टाकायचं. त्याला ते दिसलं, एका क्षणात दिसलं, हे तिला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. चार वर्षांत पहिल्यांदा त्याला कळलं होतं.

"हो," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "आणि मलाही ते जमणार नाही, फादर."

फादर दारापर्यंत सोडायला आले. दार कायम उघडं आहे म्हणाले, मनापासून म्हणाले, शिंकले, पुन्हा एकदा माफ करा म्हणाले. जिना उतरताना तो पुढे होता आणि ती दोन पायऱ्या मागे. तिच्या छातीत आनंदाचा एक ओंगळ गोळा उठला होता, जमणार नाही म्हणाला, मला ते जमणार नाही म्हणाला, आणि त्याच वेळी हातपाय गार पडले होते. कारण हेही खोटंच होतं. चार वर्षं जमलेलंच होतं की. एका सहीइतकं खोटं बोलायला नको म्हणून हा माणूस सतरा वर्षं भिंतीशी बसला, आणि आज तिने त्याला दोन मिनिटांत दोनदा बोलायला लावलं. आता हे पाप धुवायचं तर कबुलीत सगळं खरं सांगावं लागणार, आणि सगळं खरं सांगायचं म्हणजे तिला उघडी पाडायची. ते तो मरेपर्यंत करणार नव्हता. तिने स्वतःच्या हाताने दार बंद केलं होतं, आणि बंद केलं होतं ते त्याच्यावर.

रस्त्यावर ऊन कलतं होतं, दुकानांसमोर माणसं खरेदी करत होती. ती त्याच्या कोटाची बाही धरून थांबली.

"मी परत जाते. सांगते त्यांना खरं."

"मग मी खोटा ठरेन," तो म्हणाला. रागावला नव्हता. रागावला असता तर तिला जगता आलं असतं. "राहू दे."

"आणि शनिवारी? लेकीला काय सांगणार तुम्ही?"

तो फूटपाथवर उभा राहून विचार करू लागला. कपाळाला तीच आठी पडली जी एखादी अवघड लिफ्ट बघताना पडायची. "सांगेन, गुडघा धरलाय," तो म्हणाला. "जिने चढून चढून. बसल्यावर उठता येत नाही म्हणेन. लोकांनाही पटेल."

मग तो चालू लागला. दहा-बारा पावलं गेल्यावर त्याचा उजवा पाय किंचित ओढल्यासारखा पडू लागला. तिला वाटलं खरंच काही झालं, ती धसकून विचारणार, तेवढ्यात तो कोपऱ्यावर थांबला, स्वतःच्या पायांकडे नीट बघितलं आणि म्हणाला, "उजवा नको. लेक माझ्या डाव्या बाजूला असणार, तिला डावा दिसेल." आणि पुन्हा निघाला, आता डावा पाय ओढत, चुकलं की थांबत, परत पहिल्यापासून, ज्या नेटाने त्याने आयुष्यभर प्रत्येक काम केलं त्याच नेटाने. ती त्याच्या शेजारी, त्याच्याइतकंच हळू चालत राहिली.